गिल्डाबाईंचा भोचक आरसा

गिल्डा सांतारेली या बाईंचा देवावरसुद्धा एका दमात विश्वास बसत नसे. दर रविवारी चर्चला जाणार, गुडघे टेकणार, पण दानाची टोपली फिरायला लागली की ती कोणाच्या मांडीवर जरा जास्त रेंगाळते हे मान वळवून वळवून बघणार. नवा पाद्री आला तेव्हा सगळी गल्ली त्याच्या प्रवचनावर खूश होती. गिल्डाबाई म्हणाल्या, "बोलतो गोड. पण बूट बघितलेत का त्याचे?" झालं! पुढे कित्येक महिने लोक प्रवचन सोडून त्या बिचाऱ्याचे बूटच बघत बसले.

त्यांना नावं ठेवण्यात तसा अर्थ नाही. बाईंनी उभा जन्म संशयाचाच पगार घेतला. दक्षिण फिलाडेल्फियात तेव्हा पुरुषांच्या कोटांचे कारखाने होते आणि गिल्डाबाई त्यातल्या एकात तपासनीस होत्या. तयार कोट टेबलावर आला की बाही उलटी करायची, अस्तरात हात घालायचा, कॉलर उजेडात धरायची आणि खोट शोधायची. "बिनखोटीचा कोट नसतो," त्या नव्या पोरींना सांगायच्या. "खोट दिसली नाही, तर समजायचं आपण नीट बघितलं नाही." कारखाना बंद पडला, त्या जागी उंच घरं आली, पण बाईंची नजर काही निवृत्त झाली नाही. कोटांऐवजी ती माणसांवर चालायला लागली.

नवरा मात्र देवाने नेमका उलटा दिला. कार्माइन आगीच्या बंबावर होता. कोणी "माझं घर जळतंय" म्हणालं तर हा धावणार, आणि कोणी "माझी मांजर रुसलीय" म्हणालं तरी धावणार. त्याने आयुष्यात कोणाला "खरं का?" असं विचारलं नाही. गिल्डाबाई म्हणायच्या, "घरात एक तरी डोळे उघडे ठेवणारं माणूस हवं. नाहीतर हा एक दिवस अंगावरचा सदरा देऊन येईल आणि वर थंडी वाजतेय म्हणून माझ्यावर चिडेल."

त्यांच्या घराला वरच्या मजल्याच्या खिडकीबाहेर एक आरसा होता. खरं तर तीन आरसे, एका लोखंडी दांडीवर तिरके बसवलेले. खुर्ची टाकून आत बसलं की एकात गल्लीचं वरचं टोक दिसतं, दुसऱ्यात खालचं आणि तिसऱ्यात थेट आपल्या दाराची पायरी. खाली न उतरता कळतं की कोण आलंय आणि दार उघडायचं की नाही. आमच्या शहरातल्या जुन्या घरांना असे आरसे अजून आहेत आणि लोक त्यांना भोचकच म्हणतात. ही युक्ती म्हणे बेंजामिन फ्रँकलिनने फ्रान्सहून आणली. खरंखोटं तोच जाणे.

पण त्यामुळे एक झालं. नवराबायकोचं आयुष्यात कशावर एकमत झालं असेल, तर ते फ्रँकलिनवर. कार्माइनला तो आवडायचा बादल्यांसाठी. शेजाऱ्याच्या घराला आग लागली तर सगळ्यांनी आपापली चामड्याची बादली घेऊन रांगेत उभं राहायचं, ही शिस्त या शहराला त्याने लावली, म्हणजे तो सगळ्या बंबवाल्यांचा बाप. आणि गिल्डाबाई म्हणायच्या, "त्याने वीज पकडली, दुहेरी भिंगांचा चष्मा काढला, राजाशी भांडून देश उभा केला, सगळं कबूल. पण दारात कोण उभं आहे हे आधी कळलं पाहिजे, हे ज्याला पटलं तो खरा शहाणा."

सतरा जानेवारी हा फ्रँकलिनचा वाढदिवस. त्या दिवशी शहरात मोठे समारंभ होतात, ते मोठ्यांचे. आमच्या गल्लीचा समारंभ आमचा. निवृत्त बंबवाल्यांचं मंडळ सकाळी गल्लीतून निघतं आणि चालत थेट त्याच्या थडग्यापर्यंत जातं. पुढे फ्रँकलिन, मागे दोन रांगा, आणि चामड्याच्या रिकाम्या बादल्या हातोहात पुढे जात राहतात. थडग्याच्या दगडावर प्रत्येकाने एक सेंट टाकायचा आणि येताना गरम प्रेट्झेल खात यायचं. फ्रँकलिन व्हायचा कार्माइन. पोट आणि टक्कल देवाने दिलेलं, मागचे लांब केस त्याने स्वतः वाढवलेले. तपकिरी कोट गिल्डाबाईंनी शिवलेला. शिवून झाल्यावर त्यांनी तो स्वतःच तपासला, स्वतःलाच दोन शिव्या घातल्या आणि एक बाही पुन्हा लावली. मुलगा झाला तेव्हा नावाचा प्रश्नच आला नाही. बेंजामिन. म्हणजे बेनी.

कार्माइन गेला तेव्हा बेनी आणि त्याची बायको थुई त्याच घरात राहत होते. थुई वॉशिंग्टन अॅव्हेन्यूवरच्या व्हिएतनामी बाजारातली. तिच्या आईचं तिथे नूडलचं दुकान. कमी बोलणारी पोरगी. आणि कमी बोलणारं माणूस म्हणजे अस्तर शिवून बंद केलेला कोट, गिल्डाबाईंना आत हात घातल्याशिवाय चैन पडायचं नाही.

कार्माइनला जाऊन महिना झाला असेल. एका दुपारी बाईंनी आरशात बघितलं. खाली थुई एका अनोळखी माणसाशी हळू आवाजात बोलत होती. त्या माणसाच्या हातात मापाची पट्टी. तो घराकडे बोट दाखवतोय, मान वर करून बघतोय आणि थुई ओठांवर बोट ठेवून त्याला गप्प करतेय. गिल्डाबाईंच्या मनात पाल चुकचुकली. पाल कसली, मगरच!

रात्री जेवताना त्या म्हणाल्या, "माझं मढं तरी बाहेर निघू द्या. मग विका घर."

बेनीचा घास हातात राहिला. "काय बोलतेस, मा?"

"तुझ्या बायकोला विचार. दलालाला मापं द्यायला चांगला वेळ शोधला. नवऱ्याच्या बापाच्या कबरीवरची फुलंही सुकली नाहीत अजून."

थुईला तेव्हा तिसरा महिना होता. ती ताटावरून उठली आणि वर गेली. बेनी म्हणाला, "तिची माफी माग." बाई म्हणाल्या, "माझा संशय खोटा ठरव, मागते." आठवड्याच्या आत दोघं नदीपलीकडे न्यू जर्सीत राहायला गेले. पुढे जिया झाली. पाकिटातून तिचा एक फोटो आला. गिल्डाबाईंनी तो उजेडात धरला, उलटा करून बघितला आणि शेजारच्या डोलोरेसला म्हणाल्या, "नाक आमचं आहे." मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडल्या. भिंती पातळ आहेत, डोलोरेसला सगळं ऐकू आलं.

चार वर्षं मिरवणूक फ्रँकलिनशिवाय निघाली. शेवटी मंडळाचा म्होरक्या मिकी ग्रोगन दारात येऊन उभा राहिला.

"गिल्डा, नवरदेवाविना वरात किती वर्षं काढायची? लोक हसतात. बेनी येणार असेल तर कोट त्याचाच, कोणी हात लावणार नाही. नाहीतर त्या प्रेस्टनला देऊ."

"कोण? तो कुत्र्याला कोट घालणारा?"

"त्याला पोट आहे, केस आहेत आणि फ्रँकलिनचं सगळं चरित्र तोंडपाठ आहे."

प्रेस्टन समोरच्या घरात ओहायोहून नुकताच राहायला आलेला. हसतमुख. येता-जाता "मिस गिल्डा, काही आणायचंय का?" विचारणारा. आता सांगा, हेतूशिवाय कोण असं विचारतं? गिल्डाबाईंनी त्याला पहिल्या दिवशीच खोटीच्या ढिगात टाकला होता. कार्माइनचा कोट त्याच्या अंगावर? त्यांनी दार लावलं आणि चार वर्षांत पहिल्यांदा बेनीच्या कचेरीत फोन केला.

"मा? बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय? सतराला कोट घालायला माणूस हवंय."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग बेनी म्हणाला, "आलो तर तिघं येऊ. मी एकटा नाही येणार."

"या की मग. मी पिझेल करते. पोरीला आवडतात का?"

"तिने कधी खाल्ली नाहीत, मा."

बडीशेपेच्या वासाची ती पातळ बिस्किटं बाई फक्त ईस्टरला आणि नाताळला करायच्या. जानेवारीत पिझेल म्हणजे गिल्डाबाईंच्या भाषेत दंडवतच. बेनीला ते कळलं. पण फोन ठेवल्यावर दहा मिनिटांत बाई डोलोरेसच्या स्वयंपाकघरात हजर.

"एवढ्या सहज हो म्हणाला. कुठेतरी पाणी मुरतंय."

"मुरू दे," डोलोरेस म्हणाली. "चार वर्षं कोरडं होतं, जरा मुरलं तर काय बिघडलं? पोरगं येतंय, नात येतेय. तोंड गोड कर आणि गप्प बस."

"गप्प बसायला मी काय थुई आहे?"

चौदा-पंधरा तारखेला बर्फ पडला. गुडघाभर. आणि बर्फ पडला की आमच्याकडे एक कायदा लागू होतो, जो कुठल्याच पुस्तकात नाही. ज्याने फावडं मारून गाडीपुरती जागा मोकळी केली, ती जागा त्याची. तिथे घरातली खुर्ची ठेवायची आणि निर्धास्त जायचं. पोलीस दर वर्षी सांगतात की असं करू नका, आणि पोलीसही स्वतःच्या दारापुढे खुर्ची ठेवतात. खुर्ची हलवून गाडी लावणाऱ्याला माफी नाही. त्याची तक्रार कोणी करत नाही. रात्रीत त्याच्या गाडीवर पाणी पडतं, ते गोठतं आणि सकाळी गाडीची पाकातली मिठाई झालेली असते. कोणी केलं, हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणीच सांगत नाही.

गिल्डाबाईंनी सोळा तारखेला सकाळी कंबर बांधून दारापुढचा बर्फ उपसला. प्रेस्टन धावत आला. "मिस गिल्डा, द्या ते फावडं, मी करतो."

"हात आहेत मला."

"पाहुणे येणार वाटतं? माझाही एक मित्र येतोय आज. कुठे जागाच नाही हो गल्लीत."

"नाही ना?" बाई म्हणाल्या आणि तिथल्या तिथे कार्माइनची स्वयंपाकघरातली खुर्ची आणून ठेवली. लाल बैठकीची, एका कोपऱ्यात फाटलेली. बेनी लहानपणी त्या फटीत बोट घालून कापूस काढायचा. ती खुर्ची गल्लीत आंधळ्यानेही ओळखली असती.

दुपारी पिझेल झाली. चार वाजायच्या सुमारास बाई वर बसून कोटाला इस्त्री करत होत्या. रेडिओ चालू होता, कान तसे जरा जडच. तरी खालची घंटा ऐकू आली. त्यांनी पडदा बोटभर सारून आरशात बघितलं. दाराकडच्या आरशाला फार जुना तडा होता, त्यात बर्फ बसलेला. दिसली ती एक काळी टोपी, डोक्यावर ओढलेली, आणि हातात एक खोका. चेहरा नाही. गेल्याच आठवड्यात कोपऱ्यावरच्या म्हातारीला वीज कंपनीच्या नावाने कोणीतरी असंच लुबाडलं होतं. पुन्हा घंटा. गिल्डाबाई इस्त्री हातात धरून दगडासारख्या उभ्या. तिसरी घंटा. स्वयंपाकघरात फोन वाजला. खाली जाऊन बघितला तर अनोळखी नंबर. "अच्छा! फोन करून बघतोय घरात कोणी आहे का ते!" त्यांनी फोन पालथा ठेवला आणि श्वास रोखून उभ्या राहिल्या. काही वेळाने पायरीवरची चाहूल थांबली.

मग त्यांनी दार किलकिलं करून बघितलं, आणि डोक्यात सणक गेली. खुर्ची जागेवर नव्हती. ती वर पायरीवर, छपराखाली, भिंतीला टेकवून ठेवलेली. आणि मोकळ्या जागेत एक भलीमोठी करडी गाडी. नंबरपाटी चिखलबर्फाने माखलेली.

"डोलोरेस! ए डोलोरेस! बाहेर ये!"

डोलोरेस खांद्यावर शाल ओढत आली. "काय गं, आग लागली का?"

"बघ! समोरच्याचा मित्र आला! सकाळी विचारत होता मेला, जागा नाही हो, जागा नाही हो. आणि खुर्ची कशी ठेवलीय बघ, भिजू नये म्हणून आत. चोर तो चोर, वर नीटनेटका!"

डोलोरेस खुर्चीकडे बघत राहिली. "गिल्डा, असं नीट कोण ठेवतं? आधी विचार तरी प्रेस्टनला."

"चोराला विचारायचं? आणि तो काय सांगणार, हो बाई, मीच चोर?" बाईंचा आवाज फाटला. "उद्या सकाळी बेनी येईल. जागा नाही दिसली की गल्लीला दोन फेऱ्या मारेल. ती म्हणेल, चल परत, तुझ्या आईला आपण नकोच आहोत. आणि जातील! चार वर्षांनी येतायत आणि या गाडीपायी जातील!"

"विचार आधी," डोलोरेस पुन्हा म्हणाली. पण थंडी फार होती, ती आत गेली.

मिरवणुकीच्या चामड्याच्या बादल्या गिल्डाबाईंच्याच ओसरीवर होत्या, त्यांनीच तेल लावून चकचकीत केलेल्या. दिवे लागायच्या वेळेला बाईंनी स्वयंपाकघराच्या नळाखाली पहिली बादली भरली. टपावर ओतली, काचेवर ओतली, दारांच्या फटीत ओतली, चाकांवर ओतली. वारा असा की पाणी खाली ओघळायच्या आत जागच्या जागी थांबत होतं. कंबर मोडली, बाह्या गोठून फळ्या झाल्या, पण बाई आत-बाहेर करत राहिल्या. शेवटची बादली झाल्यावर खुर्चीकडे बघून म्हणाल्या, "बघ, कार्माइन. तुझ्या खुर्चीला हात लावतात." समोर प्रेस्टनच्या खिडकीत उजेड होता. बाईंनी तिकडे एक तुच्छ नजर टाकली आणि दार लावून घेतलं.

सकाळी मंडळ जमलं. ऊन लखलखीत, थंडी हाडं फोडणारी. गाडी म्हणजे काचेची शिळा झालेली. मिकी ग्रोगनने तिच्याभोवती एक फेरी मारली आणि शीळ घातली.

"कोणी केलंय कोण जाणे, पण मन लावून केलंय. दार कुठे आहे ते शोधायला पाद्री बोलवावा लागेल."

सगळ्यांनी गिल्डाबाईंच्या ओसरीवरच्या बादल्या बघितल्या. त्यांच्या काठांना हिमाच्या दाढ्या आलेल्या. बघितल्या आणि सगळ्यांनी हवामानाविषयी बोलायला सुरुवात केली.

एवढ्यात प्रेस्टन फावडं घेऊन बाहेर आला. गिल्डाबाई कमरेवर हात ठेवून तयारच होत्या. "ये! उठव तुझ्या मित्राला! म्हणावं, घेऊन जा आता गाडी!"

"माझ्या मित्राला?" प्रेस्टन म्हणाला. "तो रेल्वेने आला, मिस गिल्डा. वर झोपलाय. ही त्याची गाडी नाही."

"मग कोणाची आहे?"

"ते मला काय माहीत? मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

डोलोरेस मागच्या काचेला डोळा लावून उभी होती. ती हळूच म्हणाली, "गिल्डा, इकडे ये. आत लहान मुलाची खुर्ची आहे गं."

बाईंनी नखांनी बर्फ खरवडला. धुरकट दिसत होतं, पण दिसत होतं. छोट्या खुर्चीवर कापसाचा एक पांढरा टोप, मागे लांब केसांचा, आणि तारेचा वाकवून केलेला इवलासा गोल चष्मा. कोणीतरी घरी बसून केलेला. चार वर्षांच्या पोरीला फ्रँकलिन करायला.

त्यांनी मान वर केली तेव्हा गल्लीच्या टोकाकडून बेनी येत होता. काळी टोपी डोक्यावर ओढलेली. मागे थुई, आणि तिचं बोट धरून लाल बुटातली पोरगी.

"आम्ही आत येत नाही, मा," बेनी लांबूनच म्हणाला. आवाज थंड. "गाडी घेऊन परत चाललोय. रात्री पुलावर बर्फ पडेल म्हणून कालच आलो, खुर्ची बघून वाटलं..." आणि त्याची नजर गाडीवर गेली. तो थबकला. गाडीच्या सगळ्यात जवळ, हातात फावडं घेऊन, प्रेस्टन उभा होता.

"हे तू केलंस?"

प्रेस्टनने फावडं बर्फात रोवलं.

"नवा दिसतोस. ती खुर्ची कोणाची आहे माहीत आहे? माझ्या बापाची. ती जागा माझ्या आईने माझ्यासाठी राखली होती. माझी पोरगी बसते त्या गाडीत!" बेनी एकेक पाऊल पुढे येत होता. "बोल ना! तूच ना?"

मिकी आभाळाकडे बघत होता. डोलोरेस शालीची गाठ सोडून पुन्हा मारत होती. कोणी सांगणार नव्हतं, मरेपर्यंत नाही. आणि प्रेस्टनही सांगणार नव्हता. बाईंनी त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांना लख्ख कळलं, या पोराने काल खिडकीतून सगळं पाहिलंय. तरी गप्प उभा आहे, शिव्या खातोय.

बाईंना नुसतं गप्प राहायचं होतं. चार वर्षांत पहिल्यांदा बेनी त्यांच्या बाजूने उभा राहून भांडत होता. एका गप्प बसण्यावर मुलगा मिळत होता, नात मिळत होती. पण त्यांना बेनीचे डोळे दिसले. बारीक केलेले, खोट सापडलीच म्हणणारे. ते डोळे कार्माइनचे नव्हते.

"त्याला सोड, बेनी," गिल्डाबाई म्हणाल्या. "मी ओतलं पाणी."

"मा, उगाच त्याला वाचवू..."

"मी ओतलं म्हणते ना! बादल्या बघ. मला वाटलं याच्या मित्राची गाडी आहे. याने काही केलं नाही. मी विचारलंसुद्धा नाही."

थुई पुढे आली. आवाज हळू, पण गल्लीभर ऐकू गेला. "काल आम्ही तीनदा घंटा वाजवली, मा. वरचा पडदा हलला. मी बघितला. तुम्ही आरशातून बघत होतात. बघून दार उघडलं नाहीत. गाडी इथेच ठेवून आम्ही चालत माझ्या आईकडे गेलो. रात्रभर जिया विचारत होती, आजीला आपण आवडत नाही का?"

"मला तुम्ही दिसलाच नाहीत!" बाईंना हुंदका आवरेना. "टोपी दिसली आणि खोका. आत्ता या पोरीच्या गळ्याची शपथ... नाही, तिची नको, माझ्या गळ्याची. दाराकडच्या आरशात काही धड दिसत नाही. त्याला तडा आहे."

थुईने मान वर करून खिडकीकडे बघितलं.

"अजून तोच तडा आहे?"

"तोच."

"तो माणूस काचवाला होता, मा."

"कोण माणूस?"

"मापाची पट्टी घेऊन आलेला. तो तडकलेला आरसा बदलायचा होता. बाबा गेल्यावर तुम्ही दिवसभर तिथेच बसायचात, म्हणून मी नाताळला देणार होते. तुम्हाला कळू नये म्हणून हळू बोलत होते."

गिल्डाबाई पायरीवर बसल्या. म्हणाल्या, "मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही तर सांगितलंत."

उभ्या जन्मात बाईंनी हजारो कोटांच्या खोटी काढल्या, पण स्वतःची कधी मोठ्याने वाचून दाखवली नव्हती. आता सगळ्या गल्लीसमोर वाचली. "चुकलं माझं, थुई. चार वर्षं चुकलं. तुझी माफी मागते." मग प्रेस्टनकडे वळून म्हणाल्या, "आणि तुझीही. पण कुत्र्याला कोट घालायचं बंद कर."

मिकी ग्रोगनने नाक शिंकरलं आणि आरोळी ठोकली, "बंबवाल्यांनो, रांग! जिवंत माणसांना रिकाम्या बादल्या फिरवताना लाज वाटत नाही का? कोमट पाणी आणा, मीठ घाला. उकळतं आणू नका रे, काच तडकेल. या घराला एक तडा पुरे झाला!"

आणि रांग लागली. गिल्डाबाईंच्या नळापासून गाडीपर्यंत, म्हाताऱ्या हातातून म्हाताऱ्या हातात, भरलेल्या बादल्या जायला लागल्या. प्रेस्टनचा मित्रही झोपेतून उठून, डोळे चोळत, रांगेत मधेच घुसला. थुई रांगेत उभी राहिली, पण सासूशेजारी नाही. डोलोरेसशेजारी. बाईंनी ते बघितलं आणि मान्य केलं. एका बादलीने चार वर्षांचा बर्फ वितळत नाही, एवढं त्यांनाही कळत होतं.

बेनी आत जाऊन कोट घालून आला. पोट अजून बापाएवढं नव्हतं, कोट पुढे लोंबत होता. गाडीचं मागचं दार करकरत उघडलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जियाने गाडीतला टोप आणि चष्मा घेतला, डोक्यावर चढवला आणि मोठी माणसं कामात आहेत असं बघून सरळ पायरीपाशी आली. दोन हात अंतर ठेवून उभी राहिली.

"गाडी तू गोठवलीस?"

"हो," गिल्डाबाई म्हणाल्या. "मी."

"मग आता घरी कसं जायचं?"

"लगेच नका जाऊ. ती सुटायला वेळ लागेल. आणि आज फ्रँकलिनला भेटायला जायचंय ना?"

बाईंनी खिशातून रुमालात बांधलेलं एक पिझेल काढलं आणि तिच्यापुढे धरलं. जियाने ते लगेच तोंडात घातलं नाही. तारेचा चष्मा नाकावर सरकवून तिने आधी त्याचा वास घेतला. मग उजेडात धरलं. मग उलटं केलं आणि मागची बाजू नीट निरखून बघितली.

गिल्डाबाईंना हसावं की रडावं कळेना, दोन्ही एकदम येत होतं. "काय गं? काही खोट आहे का?"

"इथे कडेला जळलंय," जिया म्हणाली आणि खायला लागली.